पुण्यात बॅले शिकताना : पॉइंट शूजची घाई, पायाखालची जमीन आणि चाळिशीनंतरचा प्रवेश

मुठाकाठ

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असताना आम्ही तिला घराजवळच्या एका नृत्यवर्गात बॅलेसाठी घातले होते. आज ती अकरा वर्षांची आहे. गेले दीड वर्ष तिचे बॅले पूर्ण बंद आहे आणि ते पुन्हा सुरू करण्याआधी जाणकारांशी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा काढत आहे.

काय घडले ते आधी सांगते. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, एका इमारतीच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये तो वर्ग भरत असे. हॉल मोठा होता, एका भिंतीला पूर्ण आरसा होता आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी होती. मला त्यात काही गैर वाटले नाही, उलट जागा स्वच्छ आहे म्हणून समाधानच वाटले. दोन वर्षे मुलगी आनंदाने गेली. ती नऊ वर्षांची असताना वार्षिक कार्यक्रमासाठी तिच्या तुकडीला पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे टणक बूट, घ्यायला सांगण्यात आले. पावलाचे माप कोणी घेतले नाही. शाळेच्या बुटांचा नंबर कळवला आणि त्यावरून ते मागवले गेले. ज्या दिवशी ते आले त्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी त्यांना सॅटिनच्या फिती शिवायला बसले. टाचेजवळचे कापडाचे थर इतके घट्ट होते की साधी सुई आरपार जाईना. शेवटी गोधडीची जाड सुई काढावी लागली. मुलगी फितींची टोके हातात धरून शेजारी बसली होती आणि चारही फिती लागेपर्यंत झोपायला गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ती जिना उतरताना कठड्याला धरू लागली. दुखते आहे हे तिने सांगितले नाही, कारण सांगितले तर कार्यक्रमातून काढून टाकतील अशी तिला भीती होती. एका रविवारी नखे कापायला बसवले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी दिसली, आणि नडगीच्या आतल्या कडेला मी बोट टेकवताच तिने पाय ओढून घेतला. डॉक्टरांनी नडगीच्या हाडावर अतिताण आल्याचे सांगितले आणि सहा आठवडे उड्या, धावणे व नृत्य बंद करायला लावले. पाय बरा झाला, पण ती पुन्हा वर्गाला गेली नाही. आता मात्र ती स्वतःहून विचारते आहे.

त्या वर्गाचे नाव मी येथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारू नये. मला पुढचे समजून घ्यायचे आहे. चांगला बॅलेवर्ग पालकांनी ओळखायचा कसा? पॉइंटची वेळ कोणी आणि कशावरून ठरवायची? दीड वर्ष कथक शिकलेल्या मुलीने दोन्ही एकत्र चालू ठेवावे का? आणि आणखी एक, जे विचारायला मला बराच वेळ लागला: मी त्रेचाळीस वर्षांची आहे, कधीही नाचलेले नाही, आणि मलाही शिकायचे आहे. ते शक्य आहे का?

डेमी प्लिए

मुठाकाठ, तुमच्या मुलीचा पाय बरा झाला हे वाचून बरे वाटले. मी पुण्यात बॅले शिकवते. तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत मला तीन चुका दिसतात: आठवड्यातून एकच वर्ग, काँक्रीटवरची फरशी आणि नवव्या वर्षी पॉइंट. यातली एकच असती तर कदाचित निभावून गेले असते. तिन्ही एकत्र आल्या.

जमिनीपासून सुरुवात करते, कारण पालक आरसा पाहतात आणि जमीन पाहत नाहीत. बॅलेच्या एका तासात मूल कितीतरी वेळा उडी मारून खाली येते. फरशीच्या खाली काँक्रीट असते आणि ते जरासुद्धा दबत नाही, त्यामुळे प्रत्येक उडीचा धक्का टाचेतून नडगीत, गुडघ्यात आणि कमरेत जातो. चांगल्या वर्गात फरशीवर लाकडी पट्ट्यांचा किंवा दाट फोमचा थर, त्यावर प्लायवुड आणि सर्वांत वर न घसरणारे व्हिनाइल असते. नुसते व्हिनाइल फरशीवर अंथरले तर घसरणे थांबते, धक्का थांबत नाही. हे तपासणे अवघड नाही. वर्ग पाहायला जाल तेव्हा चपला काढून टाच एकदा जोराने आपटून पाहा. खाली पोकळी असेल तर घुमल्यासारखा आवाज येतो आणि टाचेत झिणझिण्या येत नाहीत. ज्या शिक्षकांना असा थर घालणे परवडत नाही, त्यांनी निदान उड्यांची संख्या कमी ठेवायला हवी, आणि तसे ते पालकांना सांगत असतील तर मी त्यांना प्रामाणिक मानते.

आता पॉइंट. त्या बुटाच्या पुढच्या भागात कापड, कागद आणि खळ यांचे थर वाळवून केलेली टणक डबी असते आणि तळाला एक कडक पट्टी असते. बूट आधार देतो, पण उभे करत नाही. अंगाचा सगळा भार अंगठ्याएवढ्या सपाट जागेवर तोलून धरायचे काम घोटा, पोटरी, मांडी, पोट आणि पाठ यांनाच करावे लागते. म्हणून केवळ वय पाहून चालत नाही. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बारा वर्षांच्या आधी पॉइंट नको, आठवड्यातून एकच वर्ग होत असेल तर पॉइंटचा विचारच नको, आठवड्यातून दोन वर्ग होत असतील आणि शरीरात दुसरी अडचण नसेल, तर प्रशिक्षणाच्या चौथ्या वर्षी सुरुवात करावी. कंबर व पाय कमजोर असतील किंवा घोटे प्रमाणाबाहेर सैल असतील, तर त्याहूनही थांबावे. मी स्वतः यात आणखी एक अट घालते. मुलीने बारला, म्हणजे आधाराच्या आडव्या दांडीला, हात न लावता, एका पायावर, गुडघा ताठ ठेवून, सलग वीस वेळा चवड्यावर चढून सावकाश खाली यावे. आठव्या-नवव्या वेळी घोटा बाहेरच्या बाजूला कलायला लागला, तर पाय अजून तयार नाही हे मला कोणी सांगावे लागत नाही.

पालकांना वाटते की पॉइंट म्हणजेच बॅले. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने राजाश्रयाची नृत्य अकादमी स्थापन केली ती १६६१ मध्ये, आणि पायांच्या ज्या पाच मूळ स्थितींवर आपण आजही उभे राहतो, त्यांची मांडणी त्याच काळात प्येर बोशाँ यांनी केली. मारी टॅल्योनी यांनी ‘ला सिल्फिद’मध्ये पायाच्या बोटांवरच्या नृत्याला काव्याचे रूप दिले ते १८३२ मध्ये. म्हणजे पाऊणदोनशे वर्षे ही कला पॉइंटवाचून वाढली. वार्षिक कार्यक्रमासाठी नऊ वर्षांच्या मुलीला पॉइंटवर चढवताना हा क्रम उलटा होतो.

वर्ग कसा ओळखावा? पूर्ण तास बसून पाहू देतात का, हे आधी विचारा. पहिला अर्धा तास मुले बारला धरून उभी असली पाहिजेत: प्लिए (गुडघे वाकवणे), तांद्यू (पाऊल जमिनीवरून ताणत नेणे), रों द जांब (पायाने वर्तुळ काढणे), हे सगळे कंटाळवाणे वाटावे इतक्या सावकाशीने. शिक्षक मुलांच्या पावलांकडे वाकून पाहतात का? हात लावण्याआधी परवानगी घेतात का? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना संगीतावर चालणे, उड्या आणि गोष्टी यांतून शिकवावे. खरे तंत्र सात-आठच्या पुढे. सेंट पीटर्सबर्गच्या ज्या शाळेला आज रशियन बॅलेशिक्षिका अग्रिपिना वागानोवा यांचे नाव आहे, तेथेही आठ वर्षांचे व्यावसायिक शिक्षण साधारण दहाव्या वर्षी सुरू होते. तुमची मुलगी अकराची आहे. काहीही उशीर झालेला नाही.

तत्कार

कथकच्या बाजूने लिहिते. मी विशारद आहे आणि मोठेपणी तीन वर्षे बॅले शिकले, त्यामुळे दोन्हीचे पाय मला ठाऊक आहेत.

पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून कथकची शिस्त या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्याकडचा पालक गुरूला ‘माझी मुलगी रंगमंचावर कधी येणार’ असे पहिल्या वर्षी विचारत नाही. वर्षभर तत्कार, म्हणजे नुसता पदन्यास, चालतो हे त्याला माहीत असते. हाच धीर बॅलेच्या वाट्याला का येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दोन्ही एकत्र चालतील का? चालतील, पण मुलीला फरक समजावून द्यावा लागेल. कथकमध्ये पाऊल समोर असते, तळवा सपाट पडतो, भार जमिनीत उतरतो आणि घुंगरू बोलते. बॅलेमध्ये पाय खुब्यापासून बाहेर वळतो आणि सगळी धडपड जमिनीपासून वर जाण्याची असते. उडीनंतर पावलाचा आवाज आला तर ती चूक धरतात. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो गिरकीत. कथकची चक्कर आपण डाव्या टाचेवर घेतो, बॅलेची गिरकी, म्हणजे पिरुएत, चवड्यावर उंच चढून घ्यायचे असते. माझे शरीर पहिले सहा महिने टाच सोडायलाच तयार नव्हते. दुसरीकडे, नजर एका जागी रोखून डोके शेवटी फिरवायचे हे कथकने मला आधीच दिलेले होते आणि त्या एका गोष्टीत मी वर्गात पुढे होते. भरतनाट्यम शिकलेल्या मैत्रिणीला अरैमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीमुळे, प्लिए लवकर जमले, पण तिला बैठक मोडून पुन्हा पूर्ण ताठ होण्याची सवय करावी लागली.

एक सूचना: दोन्ही वर्ग एकाच दिवशी ठेवू नका. तत्कारानंतर पोटऱ्या दमलेल्या असतात आणि दमलेल्या पोटरीवर उडी मारणे धोक्याचे असते.

मुठाकाठ

दोघींचेही आभार. टाच आपटून पाहण्याची गोष्ट मी आजच वहीत लिहून ठेवली. परीक्षांबद्दल कोणी सांगू शकेल का? एका वर्गाच्या पत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय ग्रेड’ असे लिहिले आहे, त्याचा नेमका अर्थ कळला नाही.

डेमी प्लिए

परीक्षा घेणाऱ्या संस्था एकापेक्षा अधिक आहेत. सर्वांत परिचित म्हणजे १९२० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली रॉयल अकॅडमी ऑफ डान्स. तिची रचना आपल्याकडच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसारखी पायरीपायरीने जाते. प्री-प्रायमरीला किमान वय पाच, प्रायमरीला सहा, पहिली ते पाचवी ग्रेड सातपासून आणि सहावी ते आठवी ग्रेड अकरापासून. व्यावसायिक वाटेवरच्या परीक्षा वेगळ्या असतात आणि त्यांतली पहिली, इंटरमीडिएट फाउंडेशन, हीसुद्धा अकराच्या आधी देता येत नाही. पत्रकावर नुसते ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलेले असेल तर परीक्षा कोणती संस्था घेते आणि शिक्षक तिच्याकडे नोंदणीकृत आहेत का, हे सरळ विचारा. या अकॅडमीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत शिक्षक शोधता येतात. परीक्षा दिलीच पाहिजे असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्याकडच्या दोन अत्यंत चांगल्या विद्यार्थिनी एकही ग्रेड न देता नाचतात.

एरंडवणे

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे नृत्याचे विद्यार्थी येतात. डेमी प्लिए यांनी पॉइंटबद्दल लिहिले ते पूर्ण पटते. मला टर्नआउटबद्दल, म्हणजे पाय बाहेर वळवण्याबद्दल, लिहायचे आहे, कारण लहान काय आणि मोठे काय, जास्तीत जास्त दुखणी तेथूनच येताना मी पाहिली आहेत.

पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यात. मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा खुब्याच्या खोबणीत फिरतो आणि सर्वसाधारण माणसात तो बाहेरच्या बाजूला सुमारे ४५ अंश फिरतो. खोबणीची खोली आणि दिशा जन्मजात असते. व्यायामाने भोवतीचे स्नायू बदलतात, हाडाचा आकार बदलत नाही. चित्रात दिसते तशी दोन्ही पावले एका सरळ रेषेत आणायची असतील आणि खुबा तेवढा वळत नसेल, तर मुले उरलेले अंतर गुडघ्यातून आणि घोट्यातून भरून काढतात. पावले जमिनीवर घट्ट रोवून गुडघे पिळतात. गुडघ्याची वाटी एकीकडे आणि पायाची बोटे दुसरीकडे, असे दिसले की समजावे की हे उसने आणलेले आहे. पावलाची कमान आत कोसळते, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागते आणि कंबर मागे जाते. पालकांना करता येईल अशी एकच गोष्ट सांगतो. मूल प्लिएमध्ये वाकलेले असताना समोरून पाहा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जात असला पाहिजे. तसा जात नसेल तर पावले थोडी आत घ्यायला शिक्षकांनी सांगायला हवे. ‘आणखी उघडा, आणखी उघडा’ असे ओरडणाऱ्या वर्गात मी माझे मूल घालणार नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. वाढत्या वयातल्या मुलीला ‘पोट दिसते आहे’ असे वर्गात चारचौघांत सांगितले गेल्याचे मी ऐकले आहे. नृत्यात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढे अन्न पोटात गेले नाही तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि ताणाने हाडाला बारीक चिरा पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले, आणि नृत्याचा सराव करणारी मुले-मुली त्यातून सुटत नाहीत. वर्गाला निघण्याआधी पोळी-भाजी, गूळपोळी, केळे, काहीतरी खाऊनच निघावे. वजनावरून बोलणाऱ्या शिक्षकांशी पालकांनी त्याच दिवशी बोलावे.

मुठाकाठ, त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करायला वैद्यकीय अडचण अशी काही नाही. गुडघा, कंबर किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी तपासून घ्या आणि पहिले तीन महिने उड्या टाळा. प्रौढांची टाचेमागची शीर सावकाश तयार होते; स्नायूंना महिनाभरात जोर येतो आणि तेवढ्यावर माणूस धावायला लागतो, शीर मात्र मागे राहिलेली असते.

कर्वे रस्ता

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझी मुलगी दहाव्या वर्षी पॉइंटवर गेली, आज ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला काहीही झालेले नाही. तिला नृत्यात टिकवून ठेवले ते त्या बुटांनीच. सगळे नियम पाळत बसलो असतो तर तिने कंटाळून सोडून दिले असते असे मला वाटते.

डेमी प्लिए

कर्वे रस्ता, तुमच्या मुलीला काही झाले नाही याचा मला आनंद आहे, आणि काही मुलींचे पाय खरोखरच लवकर तयार होतात. पण पायाच्या हाडांची वाढ त्या वयात चालू असते आणि कोणाचे हाड सोसेल हे आधी सांगण्याचे साधन माझ्याकडे नाही. पंचवीस मुलींच्या वर्गासमोर उभी असताना मला सगळ्यांत कमजोर पायाचा विचार करावा लागतो. कंटाळ्याचे म्हणाल तर ती शिक्षकाची जबाबदारी आहे, बुटाची नव्हे. मऊ बुटांमध्ये शिकण्यासारखे इतके आहे की आयुष्य पुरत नाही.

जुनी पेठ

एक लहानशी भर. माझ्या आजीला नात बॅले शिकते म्हटल्यावर रामायणाचा बॅले डोळ्यांसमोर आला, आणि तिचे चुकले नव्हते. मराठीत हा शब्द कित्येक वर्षे नृत्यनाट्यासाठीच वापरला गेला. उदय शंकर यांची नृत्यनाट्ये, शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत उभी केलेली लिटल बॅले ट्रूप, हे सगळे ‘बॅले’च, पण त्यात पॉइंट नव्हता की पाच स्थिती नव्हत्या. उदय शंकर यांनी १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅलेनर्तिका अॅना पाव्हलोव्हा यांच्याबरोबर राधाकृष्णाचे नृत्य केले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचे प्रोत्साहन पाव्हलोव्हा यांनीच दिले, आणि रुक्मिणीदेवींची नृत्यसंस्था कलाक्षेत्र १९३६ मध्ये उभी राहिली. कथक आणि बॅले यांत घरात भांडण लागले असेल तर हे जरूर सांगावे. आमच्या घरी त्याचा उपयोग झाला.

धायरीकर

मुलाचा बाप म्हणून लिहितो, कारण या धाग्यात अजून मुलगे आलेले नाहीत.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आधी तो मल्लखांब करायचा आणि एका सुट्टीत बहिणीला सोडायला म्हणून वर्गात गेला तो तेथेच थांबला. मल्लखांबामुळे त्याची पकड, पोट आणि लवचीकता तयार होती. खांदे मात्र सतत कानांकडे चढलेले असत. ते खाली आणायला शिक्षिकेला आठ महिने लागले. त्या त्याच्या खांद्यांवर दोन बोटे ठेवत आणि काहीही न बोलता उभ्या राहत.

शाळेत त्याला चिडवले गेले. मी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोललो, पण खरा फरक पडला तो त्याने मैदानावर सगळ्यांसमोर हवेत दोन गिरक्या घेऊन दाखवल्या तेव्हा. लोकांना माहीत नसते की मुलगे सहसा पॉइंट करत नाहीत; त्यांच्या शिक्षणात उंच उड्या, हवेतल्या गिरक्या आणि पुढे जोडीदाराला उचलणे यांवर भर असतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद कोणत्याही खेळाडूपेक्षा कमी नसते. मुंबईत बॅलेशिक्षक यहुदा माओर यांच्याकडे शिकलेले मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह ही दोन्ही मुले साध्या घरांतली. दिल्लीच्या कमल सिंग यांचे वडील ई-रिक्षा चालवायचे. त्यांनी सतराव्या वर्षी बॅले सुरू केले आणि २०२० मध्ये ते लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेले. माझ्या मुलाने व्यावसायिक नर्तक व्हावे असा आमचा आग्रह नाही. पण वर्गात दुसरा एक तरी मुलगा असता तर त्याला फार बरे वाटले असते. सिंहगड रस्ता किंवा वडगावच्या बाजूला कोणाचा मुलगा शिकत असेल तर कृपया कळवावे.

वेताळटेकडी

मुठाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज पहिल्यांदा येथे लिहीत आहे. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर, चोपन्नाव्या वर्षी, मी बॅलेच्या वर्गात गेले.

पहिल्या दिवशी वर्गात बारा जणी होत्या आणि माझ्याखालोखाल वयाने मोठी होती ती एकतीस वर्षांची. मी कडेला, बारच्या शेवटच्या टोकाला उभी राहिले. शिक्षिकेने प्लिए सांगितले. टाचा एकमेकींना टेकलेल्या, पावले बाहेर, पाठ सरळ, आणि गुडघे वाकवत खाली. टाचा मात्र जमिनीवरच राहिल्या पाहिजेत. आयुष्यभर मी भांडी घासायच्या ओट्यापाशी, बसथांब्यावर, बँकेच्या काउंटरमागे उभी राहिले होते, पण आपली टाच जमिनीवर आहे की नाही हे मी त्या क्षणापर्यंत कधी जाणून घेतलेले नव्हते. गुडघे चार बोटे वाकले आणि डावी टाच उचलली गेली. शिक्षिका जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘इतकेच पुरे. तुमचे प्लिए आज इथपर्यंत आहे.’ त्या वाक्याने मी चार वर्षे टिकले.

संगीताची मला भीती वाटत होती. पियानोच्या ठेक्यावर कसे मोजायचे हे कळेना. मग लक्षात आले की प्लिएला बहुधा तीन-तीन मात्रांचे संगीत असते, आणि मी मनात ‘धा धिं ना, धा तिं ना’ म्हणू लागले. लहानपणी हार्मोनियमच्या वर्गात शिकलेला दादरा असा उपयोगी पडला. तांद्यूचे बहुतेक आठांत असते, तेथे केरवा.

काय जमले आणि काय नाही ते सांगते. उड्या मी करत नाही. पिरुएत एक, तेही उजवीकडे, चांगल्या दिवशी. पाय कमरेच्या वर जात नाही आणि जाणार नाही. पण पूर्वी मी पायजमा घालताना पलंगाचा आधार घेत असे, तो आता लागत नाही. टेकडी उतरताना गुडघ्यावर हात ठेवत असे, तोही गेला. रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाचा स्वतंत्र वर्ग आखलेला आहे, म्हणजे जगात आपल्यासारख्या पुष्कळ जणी आहेत.

कपड्यांचा संकोच असेल तर पहिल्या महिन्यात लेगिंग आणि अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट पुरतो. गुडघे आणि घोटे शिक्षिकेला दिसले म्हणजे झाले. केसांचा अंबाडा मात्र घट्ट हवा, जाळी आणि आकडे लावून, नाहीतर गिरकीत तो सुटतो. कॅनव्हासचे मऊ बूट घ्या आणि ते मोजे घातल्यासारखे बसले पाहिजेत, वाढीला जागा ठेवून घेऊ नका.

मुठाकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. सगळ्यांचे प्रतिसाद मी मुलीलाही वाचून दाखवले.

आम्ही तीन वर्ग पाहिले. पहिल्या ठिकाणी बसून पाहू दिले नाही, म्हणून आम्ही तेथूनच परतलो. दुसऱ्या ठिकाणी शिक्षिका फार चांगल्या होत्या, पण टाच आपटली तेव्हा झिणझिण्या थेट गुडघ्यापर्यंत आल्या. त्यांना मी तसे सांगितले. त्यांनी वाईट वाटून घेतले नाही. जागा भाड्याची आहे आणि मालक काही बसवू देत नाही, म्हणून आपण उड्या मोजून देतो, असे त्या म्हणाल्या. तिसऱ्या वर्गात जमीन घुमली. मुलीनेच आधी टाच आपटली आणि माझ्याकडे पाहिले.

तेथे तिला लगेच प्रवेश दिला नाही. आधी जुन्या दुखण्याचे कागद मागितले, मग बारजवळ उभे करून एका पायावर चवड्यावर चढायला सांगितले. उजव्या पायावर अकरा वेळा झाले, डाव्यावर सात. जुने पॉइंट शूज ती पिशवीत घालून घेऊन गेली होती. शिक्षिकेने ते हातात घेतले, वाकवून पाहिले, तिच्या पावलाशेजारी ठेवले आणि ते तिच्या पायापेक्षा एका बोटाने अरुंद आहेत हे तिला दाखवले. ‘तेव्हा दुखले ते तुझ्यामुळे नव्हते,’ एवढेच त्या बोलल्या. मुलगी घरी येईपर्यंत गप्प होती. रात्री झोपताना तिने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

आता ती आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मऊ बुटांतच जाणार आहे. कथक रविवारी सकाळी, म्हणजे मधे एक दिवस मोकळा राहतो. फ्रिजवर कागद लावून ती रोज आकडे लिहिते. काल उजवीकडे चौदा आणि डावीकडे दहा झाले.

धायरीकर, तिसऱ्या वर्गात तेरा वर्षांचा एक मुलगा आहे, वडगावहून येतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

वेताळटेकडी, मोठ्यांची तुकडी बुधवारी संध्याकाळी साडेसातला असते. मी पैसे भरले आहेत. बूट आले आहेत, मोज्यासारखे बसतात. इलॅस्टिक तेवढे आज रात्री शिवायचे आहे आणि या वेळी फिती धरायला मुलगी नको म्हणते, ती म्हणते की सुई तीच चालवणार.